चिठ्ठी फाडायची नसते

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात बाईंच्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन झालं, तेव्हा मी खिशात डिंकाची बाटली घेऊन गेलो होतो. निमंत्रणपत्रिका आधीच हातात पडली होती. सभागृहाच्या दाराशेजारी बसवायच्या पितळी पाटीचा मजकूर तिच्यावर छापला होता: 'ज्येष्ठ बुरशीशास्त्रज्ञ, शेकडो बुरश्यांच्या जाणकार, संस्थेशी सदैव सहकार्याने वागलेल्या प्राध्यापिका.' पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. तिसरी वाचून मी हडपसरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत इतक्या जोरात हसलो की बायको बाहेर आली. ती येईपर्यंत हसू संपलं होतं आणि कानशिलं तापली होती. कारण ज्या खोलीचं हे सभागृह केलं, ती खोली बाईंनी सुकवून ठेवलेल्या बुरश्यांची होती. एका कागदावर सही केली नाही, म्हणून ती त्यांच्याकडून काढून घेतली होती.

पहिला विचार आला तो स्क्रू-ड्रायव्हर न्यायचा. पाटी उचकटायची आणि सरळ मुठा नदीत टाकायची. पण बाईंचीच एक शिकवण आड आली, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घरी राहिला आणि डिंक बरोबर आला.

त्यांना बाईच म्हणायचं, मॅडम नाही. "मॅडम लोक सत्तेचाळीस साली बोटीत बसून गेल्या," हे प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. सुती साडी, खाली लष्करी बाजारातले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या शेजारणींना ते भिंग म्हणजे कुठल्या तरी महाराजांचा प्रसाद वाटे. बाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. "भिंगाच्या नावाने का होईना, नमस्कार तर करतात," म्हणायच्या. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी रोज सकाळी सातला त्या कॉलेजात हजर. पगार नाही, मानधन नाही, वरून चहा स्वतःच्या पैशाने. त्यांना घरी जा असं सांगायची हिंमत तोवर कुणाला झाली नव्हती.

माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "स्थळ आधी, नाव मागाहून. स्थळ चुकलं तर नाव बरोबर असून काय उपयोग?" हा बुरशीच्या चिठ्ठीचा नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. मी चंद्रपूर. माझ्याबरोबरची एक मुलगी सांगोला. आमच्या विभागाचे शिपाईमामा फुरसुंगी. तेव्हाचे प्राचार्य आपण मूळचे कुठले ते सांगायला लाजत, म्हणून बाई त्यांना नुसतं "अहो" म्हणायच्या. आम्ही कारण विचारलं तर म्हणाल्या, "अपूर्ण नोंद आहे."

कॉलेजामागे टेकडी आहे. पाऊस पडला की सारं पुणं तिच्यावर फोटो काढायला जातं. बाई त्या दिवशी ढुंकूनही बघत नसत. पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या पायथ्याशी उभ्या असत, आणि आम्हीही असायला लागे. "पाऊस बघायला कवी जातात. आपली मंडळी तिसऱ्या दिवशी वर येतात." आपली मंडळी म्हणजे कुजक्या फांदीवर, शेणाच्या पोवर, वारुळाच्या कडेला, मेलेल्या किड्याच्या पाठीवर उगवलेली भूछत्रं आणि बुरश्या. काही नखाएवढ्या, काही टाचणीच्या डोक्याएवढ्या. बाई गुडघे टेकून, साडी चिखलात सोडून, त्यांचा वास घेत बसायच्या. टेकडीवर फिरायला येणारे निवृत्त काका लांबून विचारायचे, "काय हरवलंय का?" बाई वर न बघता म्हणायच्या, "हो. तुमच्या-आमच्यातलं कुतूहल."

गोळा केलेलं सगळं कागदी पाकिटात जाई. पाकिटं जुन्या उत्तरपत्रिकांची घडी घालून केलेली. त्यामुळे एखादी बुरशी उघडावी तर आत लाल शाईत 'विषयाला सोडून' असा शेरा सापडे. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी, आणि ती पेन्सिलीनेच लिहायची, कारण ओलीत शाई पसरते, पेन्सिल टिकते. चिठ्ठीवर वरती स्थळ. मग तारीख. मग 'पाहणारा'. मग रंग आणि वास, कारण बुरशी सुकली की हे दोन्ही जातात आणि पुन्हा येत नाहीत. सगळ्यात शेवटी नाव. निम्म्या चिठ्ठ्यांवर नावाच्या जागी बाईंच्या ठसठशीत अक्षरात एकच मजकूर असे: 'माहीत नाही.'

पाहणारा म्हणजे जिने वा ज्याने ती बुरशी पहिल्यांदा पाहिली तो माणूस. "उचलणारा हमाल असतो, पाहणारा शास्त्रज्ञ," असं बाईंचं मत. फुरसुंगीमामांचं नाव सव्वीस पाकिटांवर होतं. गळक्या पाइपाशेजारची मोरीची चौकट, पावसात भिजलेला सूचनाफलक, जुन्या बाकांचा ढीग, सगळीकडे मामांची नजर. "बाई, तिकडं कायतरी जांभळं आलंय बघा," असं म्हणत ते दारात उभे राहिले की बाई चालू तास सोडून उठायच्या. एकदा खडकीला, लष्करी हद्दीच्या भिंतीबाहेरच्या जुन्या आंब्याला आलेली खोडावरची बुरशी दिसली म्हणून बाईंनी स्कूटर भररस्त्यात उभी केली. हातात चाकू, गळ्यात भिंग. पहाऱ्यावरचा जवान धावत आला. "माताजी, यहाँ क्या कर रही हैं?" बाईंनी भिंग त्याच्या डोळ्याला लावलं आणि त्याची मान आंब्याकडे वळवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "इसमें तो छेद ही छेद हैं, जाली जैसे." त्या पाकिटावर आजही लिहिलं आहे, 'पाहणारा: पहाऱ्यावरचा जवान. नाव सांगितलं नाही, सुरक्षेच्या कारणास्तव.' मुळात आंबा बाईंना दिसला होता. पण छिद्रांची जाळी आपण होऊन त्याने सांगितली, म्हणून मान त्याचा.

मी त्यांच्या हाताखाली कसा आलो तेही सांगून टाकतो. एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळी टेबलावर एका ताटात सात-आठ बुरश्या मांडल्या होत्या. मी लॅटिन नावं घोकून आलो होतो. पण त्यातली एक बघितली आणि तोंडातून निघून गेलं, "सात्या!" बाकीची मुलं हसली. पुण्यात आमच्याकडचा शब्द उच्चारला की हसायची पद्धतच आहे.

"खाता?" बाईंनी विचारलं.

"हो. आई आणते वारुळाजवळून."

"वारुळाजवळ येणारी प्रत्येक?"

"नाही. आई देठाखाली उकरून बघते. खाली लांब मुळी गेलेली असली तरच घेते."

बाईंनी ताटातली ती बुरशी उचलली, देठाची तुटलेली मुळी दाखवली आणि शेजारच्या प्राध्यापकांना म्हणाल्या, "हे पुस्तकाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. यांच्या आईला पुस्तकाशिवाय येतं." त्या पाकिटाच्या चिठ्ठीवर 'ओळख पटवणारी' म्हणून त्यांनी माझ्या चौथी पास आईचं पूर्ण नाव घातलं, पुढे तालुका, जिल्हा. मी घरी फोन करून सांगितलं तर आई घाबरली. "माहं नाव कायले टाकलं बापा तिथं? पोलीस-गिलीस तं नाही न येणार?" पण नंतर ती ते अख्ख्या गावाला सांगत सुटली, हेही मला कळलं.

तर अशा बाईंच्या खोलीत मी पुढे संशोधन साहाय्यक झालो. एक एक वर्षाचा करार. आणि मग कॉलेजच्या मूल्यमापनाला समिती आली.

समिती येणार म्हणजे काय असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. भिंतींना रंग, फळ्यांना रंग, रंग न वाळलेल्या भिंतीला टेकू नये म्हणून पुन्हा पाट्या. आदल्या दिवशी ट्रक भरून कुंड्या आल्या, नर्सरीतून भाड्याने. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष महाशय कौतुकाने म्हणाले, "झाडांची निगा छान ठेवली आहे तुम्ही." प्राचार्यांनी मान तुकवली. तेवढ्यात बाईंनी एका कुंडीतली लिंबासारखी पिवळीधमक छत्री अलगद उपटली आणि अध्यक्षांच्या तळहातावर ठेवली.

"ही बघा. उष्ण प्रदेशातली, कुंड्यांच्या मातीतून जगभर हिंडते. आमच्या कॉलेजात आजवर नव्हती. म्हणजे ही कुंडीबरोबर काल ट्रकमधून उतरली."

"काल?" अध्यक्षांनी विचारलं.

"दुपारी चारला," बाई म्हणाल्या. "स्थळ आणि वेळ बरोबर लिहा, नाव मी सांगते."

तिकडे व्हरांड्यात हे चाललं असताना इकडे खोलीत मी काय करून ठेवलं होतं, ते लिहायला आजही हात आखडतो. समितीला 'स्थानिक जैवविविधता' म्हणून कपाटातला टेकडीवरच्या बुरश्यांचा खण दाखवायचा होता. त्या खणातल्या सतरा पाकिटांवर 'माहीत नाही' होतं. मला ते बरं दिसेना. पाहुण्यांसमोर कुणी फाटकी सतरंजी अंथरतं का? मी आदल्या दिवशी एकट्याने बसून त्या सतराही बुरश्यांना, दिसायला त्यातल्या त्यात जवळची, नेहमीची, सगळीकडे सापडणारी नावं देऊन टाकली. संगणकावर छान चिठ्ठ्या छापल्या, यादी केली, कार्यालयात पाठवली. जुन्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या फाडून टोपलीत टाकल्या. समितीतल्या एक बाई खण बघून म्हणाल्या, "वा! एकही अनोळखी नाही." मला इतकं भरून आलं की काय सांगू.

बाईंना ते दिसलं नाही, कारण समिती गेली त्याच आठवड्यात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. डॉक्टरांनी भिंग लावायला बंदी केली होती. त्या परत आल्या तेव्हा एप्रिल लागला होता आणि टेकडीवरून रस्ता न्यायचा प्रस्ताव आला होता.

रस्त्याआधी टेकडीवर काय काय जिवंत आहे त्याची पाहणी करावी लागते. एका सल्लागार कंपनीने ते काम आमच्या संस्थेकडे दिलं. पक्षी एकाने बघितले, झाडं दुसऱ्याने, बुरश्या बाईंनी. आठ दिवस आम्ही त्या तापलेल्या खडकांवरून फिरलो. वाळलेलं गवत, धूळ आणि दारूच्या बाटल्या. अहवाल कंपनीनेच तयार करून आणला. त्यात बुरश्यांच्या पानावर एकच वाक्य होतं: 'पाहणीत दुर्मिळ अथवा नवीन प्रजाती आढळल्या नाहीत.' खाली तज्ज्ञाच्या सहीची रेघ.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्राचार्य, कंपनीचा एक गुलाबी शर्टातला सभ्य तरुण, बाई आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी.

"मॅम, फक्त फॉरमॅलिटी आहे," तरुण म्हणाला. "तुम्हाला काही रेअर सापडलं का?"

"नाही."

"मग सेंटेन्स तर खरं आहे ना?"

"खरं आहे. त्याच्याखाली हेही खरं लिहा की आम्ही एप्रिलात गेलो होतो आणि बुरश्या पावसात येतात."

"ते आमच्या स्कोपमध्ये नाहीये, मॅम."

"अहो, दिवाळीच्या सुट्टीत शाळेत जायचं, वर्ग बघायचे आणि लिहून द्यायचं, या शाळेत मुलं आढळली नाहीत. वाक्य खरंच आहे. पण शाळा पाडायला निघालेल्या माणसाच्या हातात ते मी देऊ?"

प्राचार्य पुढे झुकले. "बाई, या कामातून आपल्याला नवी प्रयोगशाळा मिळणार आहे. तुमच्या खोलीलाही चांगली कपाटं होतील."

"आणि सही नाही केली तर?"

"जागेची किती टंचाई आहे ते आपण जाणताच. मग त्या खोलीचा फेरविचार करावा लागेल."

म्हणजे सही किंवा खोली. चाळीस पावसाळे त्या खोलीत कपाटबंद होते. बाईंना दुसरा संसार नव्हता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "टेकडीच्या खणात सतरा पाकिटं अशी आहेत की त्यातलं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. जगातल्या दोन-तीन माणसांना पाठवून विचारलं, त्यांनाही कळलं नाही. जिथल्या सतरा गोष्टी मला कळल्या नाहीत, तिथे काही नाही असं मी म्हणू?"

तरुणाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "मॅम, ही तुमच्याच डिपार्टमेंटची लिस्ट आहे, ऑफिसमधून मिळाली. यात एकही अननोन नाहीये. सगळ्या कॉमन आहेत."

मी कार्यालयात पाठवलेली तीच यादी. बाईंनी भिंग उचललं आणि पडद्यावरची ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली, एकेक ओळ. मग भिंग खाली सोडलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"यादी चुकीची आहे."

"कुणी केली ही?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्या खोलीत झाली, म्हणजे मी केली. चूक माझी."

"मग मॅम, तुमच्या बाकीच्या नावांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?" तो तरुण अगदी सौजन्याने म्हणाला.

प्राचार्यांनी पेन पुढे सरकवलं. "जाऊ द्या. सही करा, विषय मिटवू."

बाईंनी पेन घेतलं, त्याचं टोपण लावलं आणि परत दिलं. "जिची यादी चुकते तिची सही कशाला घेता? हलका माल आहे. संस्थेला शोभणार नाही." आणि उठून चालू लागल्या.

मी तोंड उघडलं नाही. माझा करार पुढच्या महिन्यात संपत होता, बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि मी भित्रा होतो. पहिली दोन कारणं मी कैक वर्षं लोकांना सांगत आलो. खरं कारण तिसरं आहे.

खोलीत गेलो तर बाईंनी टेकडीचा खण बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं."

"ते दिसलं. जुन्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"टाकल्या."

बाई खुर्चीवर बसल्या. त्या आमच्यासमोर कधी बसत नसत. मग म्हणाल्या, "नाव चुकलं त्याचं काही नाही हो. माझी शेकड्यांनी चुकलीत. पण चिठ्ठी फाडायची नसते. आधीच्या माणसाने गाढवपणा केला असला तरी त्याची चिठ्ठी तशीच ठेवायची. खाली आपली लावायची, आपलं नाव घालून. म्हणजे पुढच्याला कळतं, कोण कुठे चुकलं." त्यांनी एक पाकीट उघडून त्यातली तपकिरी, सुरकुतलेली बुरशी तळहातावर घेतली. "हिच्या चिठ्ठीवर वास लिहिला होता मी. ओली असतानाचा. आता तो वास कुठून आणायचा?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी डिंक घेतला आणि सतरा चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या. 'वरचं नाव चुकीचं आहे. ते मी समितीला दाखवण्यासाठी अंदाजाने दिलं. मूळ चिठ्ठी मी नष्ट केली. माहीत नाही.' खाली माझं पूर्ण नाव. दहाव्या चिठ्ठीपर्यंत मला स्वतःचा राग येऊन गेला होता आणि त्या गुलाबी शर्टाचा येऊ लागला होता. संपल्यावर मी सतराही चिठ्ठ्यांच्या नकला काढल्या आणि प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी वाचल्या. "तुम्ही कशाला यात पडता? तुमचं अजून सगळं व्हायचंय," म्हणाले. मी म्हटलं, "पडलो आहेच, सर. फक्त कुठे पडलो ते लिहून दिलं."

माझा करार वाढला नाही. अहवालावर दुसऱ्याच कुठल्या तरी तज्ज्ञाने सही केली. त्यांनी टेकडी बघितली असेल तर मोबाइलवर. पण जनसुनावणीला बाई त्या सतरा नकला घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याआधी सगळे मोर, ससे आणि स्वच्छ हवा यांवर बोलले होते. बाई म्हणाल्या, "टेकडीवर काय आहे ते मला माहीत नाही."

अधिकारी वैतागले. "आपण तज्ज्ञ आहात ना?"

"म्हणून तर माहीत नाही. तज्ज्ञ नसते तर सगळं माहीत असतं." आणि नकला त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पावसाळ्यात या. तिसऱ्या दिवशी. मी साडेसहाला पायथ्याशी असते." तेव्हापासून ती फाइल अडकली आहे. नकलांमुळे अडकली की आणखी कशामुळे, ते मला माहीत नाही. टेकडीवर आखणीचे दगड आहेत, त्यांच्यावरचा लाल रंग उडत चालला आहे.

खोली मात्र गेली. रिकामी करायला पंधरा दिवस दिले होते. बाईंनी कुणाकडे अर्ज केला नाही. आजवरच्या विद्यार्थ्यांना निरोप गेले, आणि एका रविवारी स्कूटरी, रिक्षा, एक टेम्पो असा सगळा लवाजमा कॉलेजच्या दारात उभा राहिला. ज्याला जो खण पेलेल तो त्याने घरी न्यायचा. खडकीचा खण एका बँकेतल्या बाईंनी नेला. माझ्या वर्गातल्या सांगोल्याने देवराईचे चार नेले. पेठेतल्या एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आजही रुग्णांच्या बाकाखाली कोकणातल्या बुरश्या आहेत. सोमवारी प्राचार्य खोलीचा ताबा घ्यायला आले तेव्हा आत फक्त खिळे होते. टेकडीचा खण बाईंनी माझ्या हातात दिला. "ज्याची चूक, त्याचा खण."

तो आता आमच्या बेडरूममध्ये आहे. मी एका प्रयोगशाळेत मसाल्यांत बुरशी आहे का ते तपासतो. 'आढळली नाही' असं लिहिताना मी शेजारी 'इतक्याच नमुन्यात' असं लिहितो, आणि साहेब दर वेळी चिडतात. पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी रजा टाकतो आणि टेकडीवर जातो. हरवलेला वास जर कुठे असेल तर तो तिथेच आहे. सतरापैकी नऊ मला पुन्हा सापडल्या आहेत. आठ राहिल्या आहेत. त्या टेकडीवर डांबर पडलं तर माझी चूक कायमची पक्की होईल, इतका साधा माझा स्वार्थ आहे.

पहिली पुन्हा सापडली तेव्हा बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी ओली बुरशी डब्यात घालून धावत सदाशिव पेठेत नेली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. "कच्चा बटाटा," म्हणाल्या. "हाच तो. नाव?"

"माहीत नाही, बाई."

"लिही मग तसं." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. मी तिथेच रडलो. त्या थंडीत बाई गेल्या.

आणि आता ही पाटी. उद्घाटन झालं, भाषणं झाली. बाई सर्वांना कशा सांभाळून घेत, यावर नवे प्राचार्य दहा मिनिटं बोलले. सगळे बटाटेवड्यांकडे वळल्यावर मी दारापाशी गेलो, पाटीखालची भिंत रुमालाने पुसली आणि घरून लिहून आणलेली चिठ्ठी तिथे चिकटवली. 'वरच्या मजकुरातील तिसरी ओळख चुकीची आहे. बाईंनी संस्थेशी सहकार्य केलं नाही. खरं दिसणाऱ्या पण फसव्या वाक्याखाली सही करायला त्यांनी नकार दिला, म्हणून ही खोली त्यांच्याकडून काढून घेतली. मी तिथे होतो आणि गप्प बसलो होतो.' खाली माझं नाव.

मागे वळलो तर फुरसुंगीमामा उभे. गणवेशात, हातात चहाचा ट्रे. त्यांनी चिठ्ठी सावकाश वाचली. आता ते ती काढणार, त्यांचं कामच आहे ते, असं मला वाटलं. त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला.

"पाहणारा कुठाय?"

"काय, मामा?"

"पाहणारा लिवला न्हाई तुमी. त्या दिशी प्राचार्यांच्या दारात मी हुतो उभा. समदं ऐकलंय. बाईंनी पेनाला टोपण लावलं त्ये बी पाह्यलंय. घाला माझं नाव."

"मामा, तुमची अजून दोन वर्षं नोकरी आहे."

"मंग?" मामा म्हणाले. "सव्वीस पाकिटांवर घातलंय बाईंनी माझं नाव, पुण्यात घरोघरी. त्ये कुठं कुठं पुसत बसनार हायेत?" आणि वरच्या खिशातून त्यांनी पेन काढून माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं नाही. सभागृहाची ती भिंत अजून ओल धरते. मी माझी पेन्सिल काढली आणि आधी लिहिलं, फुरसुंगी. मग त्यांचं पूर्ण नाव.